पॉलिशिंग पॅड: चार रंगांचे एक-एक नको, एकाच कामाचे चार घ्या

मागच्या रविवारी सकाळी मी तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभा, प्लेट हातात, आणि मामेभावाचा फोन. "दादा, पॅडचा सेट आला नं, सात रंगाचे आहेत, गाडीला कोणता लावू?" म्हटलं आधी मशीन कोणती ते सांग. तर म्हणे मित्राच्या वर्कशॉपमधून आणली. फोटो मागवला. फोटोत लोखंड कापायचा चार इंची ग्राइंडर, त्याला पॅडची प्लेट कसलेली आणि वर पांढराशुभ्र वूल पॅड. अबे, म्हटलं, बोनेट पॉलिश करून राहिला का कापून राहिला? पोहे थंड झाले पण बोनेट वाचलं.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहितो, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. मी काही डीटेलिंगचं दुकान चालवत नाही, घरच्या दोन गाड्या आणि मित्रांच्या दहा-बारा गाड्या एवढाच माझा अनुभव, पण चुका मात्र भरपूर केल्या आहेत आणि त्यातल्या अर्ध्या चुका पॅडच्या होत्या. लोक पॉलिशच्या बाटलीवर पैसे घालतात, पॅड मात्र मिळेल तो. खरं तर तेच पॉलिश वूल पॅडवर लावलं तर घासून काढतं आणि मऊ फोमवर लावलं तर नुसती चमक देतं, म्हणजे किती घासलं जाणार हे बाटलीइतकंच पॅडच्याही हातात असतं.

आधी गाडी बघा

पॅड घ्यायच्या आधी गाडी धुवून सावलीत आणा आणि मोबाईलचा टॉर्च बोनेटवर तिरका मारा. टॉर्चच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतील, त्यालाच स्वर्ल मार्क म्हणतात. नागपुरात ते कुठून येतात हे वेगळं सांगायला नको, अर्धं शहर सिमेंट रोडचं, वर कुठे ना कुठे खोदकाम सुरूच, कोराडी-खापरखेडा साइडला राहत असाल तर तिथल्या वीज केंद्रांची राख, आणि या सगळ्यावर रोज सकाळी अपार्टमेंटमधला गाडी पुसणारा पोट्टा येऊन कोरडा कपडा मारतो. राखेत सिलिका असते, सिमेंटच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे तो रोज सकाळी आपल्या गाडीला अगदी बारीक पॉलिश पेपरच मारून जातो आणि वरून महिन्याचे पैसे घेतो.

दुसरी गोष्ट डाग. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर आणि खाली उभी गाडी असं ज्यांच्याकडे आहे त्यांच्या गाडीच्या छतावर पांढरे गोल ठिपके असतातच. बोअरचं पाणी जड, कूलरच्या ताट्यांवर सीझन संपेपर्यंत जो पांढरा कडक थर जमतो नं, तोच थर थेंबाथेंबानं गाडीवर बसतो आणि ऊन त्याला भाजून पक्का करतं. हे डाग लगेच पॉलिशने घासायला जाऊ नका. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, थंड पॅनलवर ओल्या कपड्याने मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा, क्षार तेवढ्यानेच निघून जातात. त्यानंतरही ठिपक्याची कडा दिसत असेल तर ती पेंटमध्ये खोल गेली आहे, मग पॅड काढा.

तिसरं, नख. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा, नख अडकलं तर तो ओरखडा पॅडने जाणार नाही, तो पेंटरकडचा विषय आहे. इथे बरेच लोक हट्टाला पेटतात आणि एका ओरखड्यापायी आजूबाजूचं सगळं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, संपवतात. हिशोब असा की कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो, त्यातलं क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्याच्यावर आपण मशीन फिरवणार तो थर केसाएवढाही जाड नाही, आणि एकदा गेला की परत येत नाही, रीपेंटच. त्यात कडांवर, बोनेटच्या उठलेल्या रेषांवर, दाराच्या टोकांवर तो अजून पातळ असतो. म्हणून तिथे मास्किंग टेप लावतात, हौस म्हणून नाही.

आणि क्ले मारल्याशिवाय पॅड लावू नका, क्ले म्हणजे पेंटवर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवर हात फिरवा, खरखर लागली तर क्ले बार मारायचाच. ती खरखर पॅडमध्ये अडकली तर पॅडच पॉलिश पेपर होतो.

एक अपवाद, जुनी गाडी. पंचवीस-तीस वर्षं जुन्या गाडीवर किंवा कुठे स्वस्तात रंगवलेल्या पॅनलवर बऱ्याचदा क्लिअर नसतं, मग पॉलिश मारताना पॅडवर गाडीचा रंग उतरतो. घाबरू नका, तो सिंगल स्टेज पेंट आहे, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात. पण क्लिअर असलेल्या गाडीत पॅडवर रंग दिसला तर मात्र मशीन बंद करा आणि शांत बसा, क्लिअर पार झालं.

मशीन कोणती त्यावर पॅड

ग्राइंडर नको. का नको ते आकड्यात सांगतो, चार इंची ग्राइंडर ११ हजार आरपीएमच्या आसपास फिरतो, पॉलिशिंगची रोटरी मशीन साधारण ६०० ते ३००० मध्ये. ग्राइंडरचे आटे एम-१०, रोटरीचे बहुतेक एम-१४, म्हणजे मुळात एकाची प्लेट दुसऱ्याला बसायला नको, पण बाजारात ग्राइंडरलाही बसणाऱ्या वेल्क्रो प्लेटा मिळतात हेच तर दुःख आहे. रेग्युलेटरवाला ग्राइंडर असेल आणि खूप हात बसलेला असेल तर लोक वापरतात, पण नवीन माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

रोटरी एका जागी गोल फिरते, उष्णता पटकन तयार करते, काम जोरात करते, आणि चुकलं तर उन्हात बोनेटवर माशाच्या खवल्यांसारख्या चमकत्या पट्ट्या दिसतात, होलोग्राम म्हणतात त्याला. आमच्या काकांची काळी सेडान एका ठिकाणी "रबिंग-पॉलिश" करून आली होती, संध्याकाळी घेतली तेव्हा आरसाच, दुसऱ्या दिवशी दुपारी झिरो माईलच्या सिग्नलवर उभी राहिली तर पूर्ण बोनेटवर पट्टेच पट्टे. काका म्हणे, हे डिझाईन कधी काढलं?

डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, ती फिरते पण आणि हलते पण, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही. नवीन माणसाने हीच घ्यावी. तिच्यावर ८ एमएम, १५ एमएम, २१ एमएम असं लिहिलेलं असतं, तो तिचा थ्रो, म्हणजे पॅड किती मोठ्या घेराने हलणार. ८ एमएमवाली कुठेही घुसते पण काम सावकाश, २१ वाली मोठ्या बोनेटवर मजा देते पण आपल्या हॅचबॅकच्या वळणांवर अडखळते. पहिली मशीन म्हणून १५ बरी.

आणि हो, ड्रिलला लावायचे ते छोटे तीन इंची पॅड मिळतात, ते हेडलाईटला चालतात, पूर्ण गाडी त्याने करायला बसलात तर कूलरचा सीझन संपेल पण छत संपणार नाही.

वूल, मायक्रोफायबर, फोम

वूल सगळ्यात जास्त घासतो. लोकरीचे हजारो धागे, प्रत्येक धागा पॉलिश घेऊन फिरतो, आणि हवा खेळत राहते म्हणून जाड फोमपेक्षा कमी तापतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पेंटर लोक रीपेंटनंतर २००० नंबरचा पेपर मारला की वूलच वापरतात आणि ते बरोबरच आहे, त्यांच्या हाताखाली जाड ताजं क्लिअर असतं. आपल्या घरच्या गाडीला रोटरी आणि वूल हे जोडपं पहिल्या दिवशी नको. वूलने केलं की त्याच्या मागचे धूसर ओरखडे काढायला परत फोम मारावाच लागतो, त्यामुळे वूल घेतला म्हणजे एक स्टेज वाढली असं समजा.

मायक्रोफायबर पॅड म्हणजे पातळ फोमवर मायक्रोफायबरचे छोटे केस. डीएवर हा भारी कापतो, कडक क्लिअरवर तर फोमपेक्षा खूप लवकर. पण पॉलिशची भुकटी त्याच्या केसात लगेच चिकटते, प्रत्येक भागानंतर ब्रश मारावा लागतो, नाही मारला तर पॅड टक्कल पडल्यासारखा चपटा होतो आणि मऊ पेंटवर धूसरपणा सोडतो. मी एकच ठेवला आहे, एसयूव्हीच्या मागच्या दारासाठी, तिथे लोक पोत्यापासून सायकलपर्यंत सगळं घासत आत टाकतात.

फोम म्हणजे रोजचा भात. नव्वद टक्के काम यातच होतं. कडक फोम कटिंगचा, म्हणजे ओरखडे घासून काढणारा, मधला पॉलिशिंगचा, मऊ फिनिशिंगचा, म्हणजे शेवटची चमक देणारा. दुकानात हातात मिळाला तर अंगठ्याने दाबा, कटिंगचा फोम लगेच उसळून वर येतो आणि छिद्रं डोळ्याला दिसतात, फिनिशिंगचा भांडी घासायच्या नव्या स्पंजपेक्षाही मऊ लागतो आणि छिद्रं बारीक. ओपन सेल म्हणजे हवा-पाणी आरपार जाणारा, तो जरा थंड राहतो. क्लोज्ड सेल म्हणजे पॉलिश आत पिऊन न टाकणारा. नवीन असाल तर या दोघात डोकं खपवू नका, कडक-मधला-मऊ एवढं कळलं तरी खूप झालं.

रंगावर जाऊ नका

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळे इथेच फसतात. पॅडच्या रंगाचा कोणताही सार्वत्रिक नियम नाही, प्रत्येक कंपनीचं स्वतःचं रंगांचं गणित. पिवळा घ्या: लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोममध्ये पिवळा म्हणजे कडक कटिंग, मेन्झर्नाचा पिवळा म्हणजे मधला, आणि रूपेसचा पिवळा म्हणजे फाइन, म्हणजे शेवटाकडचा. पांढरा घ्या: लेक कंट्रीचा पांढरा पॉलिशिंगचा, थ्रीएमचा पांढरा फोम कंपाउंडिंगचा, म्हणजे कटिंगचाच, रूपेसचा पांढरा अल्ट्रा फाइन. काळा लेक कंट्रीमध्ये फिनिशिंग, थ्रीएममध्ये पॉलिशिंग. आता एखाद्या व्हिडिओत बाहेरच्या देशातला माणूस म्हणाला की पिवळा पॅड लावा, आणि तुम्ही दुसऱ्याच कंपनीचा पिवळा लावला, तर काय होईल सांगा. एक तर दोन तास घाम गाळून काहीच निघणार नाही, नाहीतर नको तेवढं निघेल.

आणि ते बिननावाचे सात रंगी सेट, त्यात तर मी हाताने दाबून बघितलं, सातपैकी चार एकसारखेच कडक निघाले, फक्त रंग वेगळा. संत्र्याच्या रंगाचा होता तो नागपूरचा म्हणून मी जरा प्रेमाने वापरला, दुसऱ्याच पॅनलवर त्याचा वेल्क्रो सुटून पॅड पडला शेजाऱ्यांच्या तुळशीत.

तर खरेदी अशी करा: एकाच कंपनीचे पॅड घ्या, जमलं तर त्याच कंपनीचं पॉलिश, आणि तिच्या पाकिटावर कट किती, फिनिश किती लिहिलं असेल ते वाचा. दोन कंपन्या मिसळायला अनुभव लागतो, तो नंतर येतोच.

साइज आणि जाडी

पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा, म्हणजे मशीनच्या ज्या गोल तबकडीला तो वेल्क्रोने चिकटतो तिच्यापेक्षा, मोठा हवा, ही एकच गोष्ट लक्षात ठेवा. पाच इंची प्लेटला साडेपाच किंवा सहा इंची पॅड, तीन इंची प्लेटला साडेतीन-चार इंची. प्लेट आणि पॅड सारखे असतील तर दाराच्या वळणावर प्लेटची कडा पेंटला लागते, आणि तो ओरखडा नखात अडकणारा असतो. पॅड लावताना बरोबर मधोमध लावा, थोडा जरी सरकला तर मशीन मिक्सरसारखी थरथरते आणि हाताला मुंग्या येतात. मध्ये भोक असलेले पॅड मिळतात, ते मधोमध लावायला पण सोपे आणि मधली गरमी बाहेर पडायला पण बरे.

जाडीबद्दल माझं मत जरा उलटं आहे, नवीन लोकांना जाड गुबगुबीत पॅड आवडतो, पण डीएवर पातळ पॅड चांगला. जाड फोम मशीनची हालचाल स्वतःच गिळून टाकतो, पेंटपर्यंत कमी पोचते, आणि ती गिळलेली ताकद उष्णता होऊन फोममध्येच राहते. मग मधला भाग आतून जळतो, वरून पॅड ठणठणीत दिसतो आणि एक दिवस मध्ये खड्डा पडतो. फोमवर चौकोन, षटकोन, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी वगैरे असते, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, सपाट पॅड पुरे आहे.

किती घ्यायचे

आता हा मुद्दा ज्याच्यासाठी सगळं लिहायला बसलो. नवीन माणूस काय करतो, प्रत्येक प्रकारचा एक-एक घेतो, एक वूल, एक मायक्रोफायबर, एक कटिंग, एक पॉलिशिंग, एक फिनिशिंग, वाटतं पूर्ण किट झाली. शनिवारी काम सुरू करतो, बोनेट आणि एक फेंडर झाला की पॉलिशिंगचा पॅड भिजून चिंब, पॉलिश आणि निघालेलं क्लिअर यांचा चिखल आत भरलेला. आता तो पॅड नीट कापतही नाही आणि चमकही देत नाही, नुसता गरम होतो आणि पेंटवर लिंपल्यासारखं काहीतरी सोडत जातो. पण दुसरा पॅड नाही, मग तोच रेटतो, नाहीतर हातात उरलेला कटिंगचा लावतो, आणि तिथून गाडी बिघडायला सुरुवात होते. मी स्वतः असं माझ्या पहिल्या गाडीचं डाव्या बाजूचं पूर्ण काम बिघडवलं, उजवी बाजू चकाचक आणि डावी बाजू जसं काही दुधाळ काचेतून बघून राहिलो.

म्हणून एकाच प्रकारचे चार घ्या. मधल्या पॉलिशिंग फोमचे चार, साडेपाच इंची. हॅचबॅकला चार पुरतात, मोठ्या एसयूव्हीला सहा. त्याच्या सोबत कटिंगचे दोन, फक्त जिथे मधल्याने निघालं नाही तिथे. फिनिशिंगचे दोन, ते पण गाडी काळी, गडद निळी, मरून असेल तर. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल, आणि आपल्याकडे प्रत्येक गल्लीत पांढरीच जास्त, तर फिनिशिंगचे पैसे वाचवा, मधल्या पॅडने केलेली पांढरी गाडी आणि फिनिशिंग मारलेली पांढरी गाडी यातला फरक तुम्हाला टॉर्च लावूनही नीट दिसणार नाही, आणि तुमच्या साळ्याला तर मुळीच नाही. तीन-चार इंची छोटे दोन, पिलरसाठी आणि बंपरच्या खालच्या भागासाठी. झालं. वूल नंतर कधीतरी.

टेस्ट स्पॉट

पूर्ण गाडीवर सुटायच्या आधी एक जागा निवडा, बोनेटवर किंवा डिकीवर दीड फूट बाय दीड फूट, चारही बाजूंना टेप लावा. मधला पॅड, मध्यम पॉलिश, मारा. पुसा. आता लगेच खूश होऊ नका, पॉलिशमधलं तेल ओरखड्यात भरून बसतं आणि सगळं गेल्यासारखं दिसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल दहा-वीस टक्के आणि बाकी पाणी, स्प्रे करून मऊ मायक्रोफायबरने पुसा, मग टॉर्च मारा. जाळं गेलं असेल तर हाच पॅड, हेच पॉलिश, पूर्ण गाडी. अर्धंच गेलं तर आधी पॉलिश बदला, पॅड तोच ठेवून थोडं कडक पॉलिश. तरीही नाही तर मग कटिंग पॅड. म्हणजे मऊकडून कडककडे जायचं, कडकपासून सुरुवात करून "बघू काय होते" असं नाही. आणि शंभर टक्के सगळं काढायचंच असं डोक्यात घेऊ नका, रोज सिमेंटच्या धुळीतून जाणारी गाडी आहे, ऐंशी टक्के निघालं तर मस्त निघालं.

प्रत्येक गाडीचं क्लिअर वेगळं, काही इतकं मऊ की मायक्रोफायबर कपड्यानेही खूण पडते, काही इतकं कडक की पॅड थकतो. रीपेंट केलेलं पॅनल तर बाजूच्या पॅनलशी बोलतही नाही. म्हणून ज्या दाराचं डेंटिंग-पेंटिंग झालंय त्यावर वेगळा टेस्ट स्पॉट घ्या, आणि पेंट ताजं असेल तर पेंटरला विचारूनच हात लावा.

मारताना

नवीन फोम एकदम कोरडा लावू नका. पहिल्यांदा त्यावर पॉलिश पातळ लिंपा, बोटाने पूर्ण पृष्ठभागावर, कोरडी जागा राहू देऊ नका. नंतर प्रत्येक वेळी तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब पुरे. जास्त पॉलिश म्हणजे जास्त काम असं नसतं, जास्त पॉलिश म्हणजे जास्त चिखल.

पॅड पॅनलवर ठेवून मगच मशीन चालू करा, आधी चालू केली की पूर्ण पॉलिश भिंतीवर, आमच्या पार्किंगच्या भिंतीवर ते पांढरे ठिपके अजून आहेत आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी त्याचा विषय निघतो. पहिल्यांदा स्लो स्पीडवर पॉलिश पसरवा, मग चार-पाच नंबरवर. आधी आडवं मग उभं, प्रत्येक ओळ अर्धी आधीच्या ओळीवर, चार ते सहा फेऱ्या. हात सावकाश, सेकंदाला एखादा इंच, झाडू मारल्यासारखं भराभर नको. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ काढून ठेवा, रेघ फिरताना दिसली पाहिजे, थांबली म्हणजे तुम्ही जास्त दाबून राहिले किंवा पॅड वाकडा धरला, नुसतं हलतंय, फिरत नाही.

आणि गरमी. मे महिन्यात आपल्याकडे ४५ पार असते, उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवत नाही, त्या पॅनलवर पॉलिश लावलं की लगेच वाळतं, वाळलेलं पॉलिश पॅडला चिकटतं, पॅड ओरखडे पाडतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पॉलिशचा विचारही करू नका. माझी सगळ्यात महागडी चूक तीच, मे महिना, पार्किंगमध्ये ऊन सरकत सरकत कधी बंपरवर आलं कळलंच नाही, मी कटिंग पॅडने कोपऱ्यावर अडकलो, प्लास्टिक बंपर तर लोखंडासारखी उष्णता पसरवत नाही, सगळी एका जागी साठते, पाच-सहा सेकंदात कोपऱ्यावरचं क्लिअर मऊ होऊन सुरकुतलं. मित्राची गाडी होती. बंपरचं पेंटिंग माझ्या खिशातून झालं, आणि वर सावजीचं जेवणही.

नियम साधा, पंजाची उलटी बाजू पॅनलवर पाच सेकंद आरामात ठेवता आली तरच मशीन लावा, आणि मध्येमध्ये तपासत राहा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे साडेपाचला सुरू करून नऊला बंद, सावलीत. पण खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, थंडीत दुपारीसुद्धा आरामात काम होतं. पावसाळ्यात ऊन नसतं हे चांगलं पण पॅड वाळत नाहीत.

पॅड धुणं

प्रत्येक भाग झाला की पॅडवर नायलॉनचा मऊ ब्रश मारा, मशीन स्लो चालू ठेवून, भुकटी उडते. कम्प्रेसर असेल तर हवा मारा, ते सगळ्यात भारी, वूल आणि मायक्रोफायबरला तर तेच पाहिजे. दोन-तीन पॅनल झाले की पॅड बाजूला, दुसरा लावा, हाच चार पॅडचा फायदा.

काम झाल्यावर लगेच धुवा, उद्यावर टाकलं की पॉलिश आत दगड होतं. बादलीत कोमट पाणी, भांड्याचं पातळ लिक्विड किंवा एपीसी म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, पाच-दहा मिनिटं ठेवा, मग तळहातावर दाबून दाबून काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कपडे पिळतो तसं पिळू नका, वेल्क्रो आणि फोम यांच्यातला गोंद सुटतो. वॉशिंग मशीनमध्ये तर नकोच, मी टाकले होते एकदा, पॅड राहिले बाजूला, आईच्या ओढणीला वेल्क्रो चिकटला तो वेगळाच तमाशा झाला.

धुतल्यावर पॅड मशीनला लावून रिकाम्या बादलीत पॅडचं तोंड खाली करून दोन सेकंद फिरवा, उरलेलं पाणी निघून जातं. मग फोम खाली, वेल्क्रो वर अशा अवस्थेत जाळीवर वाळवा, म्हणजे पाणी गोंदापासून दूर खाली उतरतं. सावलीत. आपल्याकडच्या उन्हात टेरेसवर ठेवले की दोन तासांत कडक वाळतात खरे, पण गोंद पण भाजतो आणि पुढच्या वेळी पॅड उडतो. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस, ओला पॅड डब्यात बंद केला तर वास मारतो आणि काळे ठिपके येतात.

वाळले की प्रत्येक पॅडच्या मागे वेल्क्रोच्या कडेला मार्करने लिहा, कटिंग कोणत्या पॉलिशला वापरला, पॉलिशिंग कोणत्या. ज्या पॅडवर कडक कंपाउंड मारलं त्यावर परत कधी फाइन पॉलिश नको, कितीही धुतला तरी दोन-चार मोठे कण आत राहतातच आणि नेमके काळ्या बोनेटवर बाहेर येतात. झिप पिशवीत वेगळे वेगळे ठेवा, उघडे ठेवले तर धूळ बसते आणि मग आपण ती धूळच गाडीवर घासतो.

पॅड कधी फेकायचा, तर वेल्क्रोची कडा उचलली गेली, फोम फाटला, मधला भाग दाबून वर येत नाही, किंवा धुतल्यावरही कडक चट्टे हाताला लागतात, तेव्हा. गाडीवरून निवृत्त झालेले माझ्याकडे तीन आहेत, एक हेडलाईटसाठी, एक अ‍ॅक्टिव्हासाठी, आणि तिसरा आई पितळेच्या समईला वापरते, तिच्या मते त्याचा सगळ्यात चांगला उपयोग तोच झाला.

मामेभाऊ काल येऊन गेला, ग्राइंडर परत दिला म्हणे, डीए भाड्याने बघून राहिला. सात रंगी सेट मात्र त्याच्या पोरीने घेतला, तिच्या बाहुल्यांना सोफा झाला.